पुरुष नसबंदीसाठी डॉक्टर कसा निवडावा?

ओलिताचे वावर (आर्वी तालुका, जि. वर्धा) · २९ ऑक्टोबर

नमस्कार मंडळी,

आमचे साडेसहा एकर वावर आहे, त्यातले तीन एकर ओलिताचे. मुलगी आठ वर्षांची आणि मुलगा अडीच वर्षांचा आहे. दोन्ही बाळंतपणे सिझेरियनने झाली आणि दुसऱ्या वेळी पत्नीला रक्त चढवावे लागले, त्यामुळे त्याच वेळी तिची नसबंदी करण्याचे डॉक्टरांनीच टाळले. तेव्हापासून घरात आणि शेजारात एकच विचारणा असते की तिचे ऑपरेशन कधी करणार. आम्ही दोघांनी मिळून ठरवले आहे की तिच्या पोटावर तिसऱ्यांदा सुरी चालवायची नाही आणि शस्त्रक्रिया माझी होईल. हा निर्णय झालेला आहे. मला विचारायचे आहे ते डॉक्टरविषयी.

माझ्यापुढे तीन वाटा आहेत. पहिली, जवळचे उपजिल्हा रुग्णालय, जिथे ठरलेल्या दिवशी या कामाचे प्रशिक्षण घेतलेले डॉक्टर येतात. दुसरी, तालुक्यातले एक खासगी सर्जन. वडिलांच्या हर्नियाचे ऑपरेशन त्यांनीच केले आणि घरातल्या सर्वांचा त्यांच्यावर विश्वास आहे. तिसरी, नागपूरला जाऊन मूत्ररोगतज्ज्ञांना दाखवणे. पण ते अंतर शंभर किलोमीटरच्या वर आहे आणि काही त्रास झाला तर रात्री तेवढे अंतर कापायचे कसे, हा प्रश्न उरतो.

मला भीती वाटण्याचे कारणही सांगतो. माझ्या मावसभावाची नसबंदी सहा वर्षांपूर्वी एका शिबिरात झाली. दुसऱ्या दिवशी सूज आली, तिसऱ्या दिवशी अंडकोष काळानिळा पडून लिंबाएवढा गोळा हाताला लागू लागला. त्याच्याजवळ जो कागद होता, त्यावर शस्त्रक्रिया करणाऱ्याचे नाव वाचता येत नव्हते आणि दूरध्वनी क्रमांक तर नव्हताच. तो दीड महिना घरी बसला, ऐन पेरणीत. त्याची प्रकृती पुढे ठीक झाली, परंतु आमच्या गावात त्यानंतर एकाही पुरुषाने ही शस्त्रक्रिया करून घेतलेली नाही.

डॉक्टर निवडताना नेमके काय पाहावे आणि त्यांना काय विचारावे, हे जाणकारांनी आणि अनुभव असलेल्यांनी कृपया सांगावे.

---

निवृत्त आरोग्यसेवक (दारव्हा, जि. यवतमाळ) · २९ ऑक्टोबर

भाऊ, आपण दोघांनी मिळून निर्णय घेतला, याचे मला मनापासून समाधान वाटते. एकतीस वर्षे मी गावोगाव हाच विषय घेऊन फिरलो आणि पुरुषाला तयार करणे किती अवघड असते ते मी जाणतो. त्यामागे इतिहासही आहे. १९७६-७७ या एका वर्षात देशात ऐंशी लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांतील बहुसंख्य पुरुषांच्या होत्या. आपल्या राज्याच्या विधिमंडळाने तर १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचे विधेयकही संमत केले होते. राष्ट्रपतींची मंजुरी न मिळाल्याने तो कायदा झाला नाही. मी नोकरीला लागलो तेव्हा म्हातारी माणसे सांगत असत की जीपचा आवाज आला की माणसे तुरीच्या शेतात लपून बसत. ती भीती नातवंडांपर्यंत उतरलेली आहे. म्हणून ज्या ठिकाणी आपल्याला घाई केली जाते, आकडा पूर्ण करायचा आहे असे जाणवते, तिथून सरळ परत यावे, मग डॉक्टर कितीही नावाजलेले असोत.

आपण पहिले काम हे करा की जिल्हा रुग्णालयात किंवा तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जाऊन नसबंदीसाठी मान्यता दिलेल्या डॉक्टरांची यादी पाहावी. अशी यादी प्रत्येक राज्याने ठेवावी आणि तीमधील डॉक्टरांनीच ही शस्त्रक्रिया करावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सांगितले होते. पुढे २०१४ मध्ये छत्तीसगडमधील बिलासपूर जिल्ह्यात शिबिरानंतर स्त्रियांचे मृत्यू झाले आणि १४ सप्टेंबर २०१६ च्या निकालात न्यायालयाने शिबिरांची पद्धत तीन वर्षांत बंद करावी असा आदेश दिला. आपल्या मावसभावाच्या बाबतीत जे घडले, त्याची मुळे त्या घाईच्या पद्धतीतच आहेत.

---

ग्रामीण वैद्यकीय अधिकारी (पूर्व विदर्भ) · ३० ऑक्टोबर

मी स्वतः एका ग्रामीण रुग्णालयात या शस्त्रक्रिया करतो, तेव्हा माझे म्हणणे सरकारी डॉक्टरचे आहे हे लक्षात घेऊनच वाचावे.

पदवी किती मोठी आहे, यापेक्षा या एका शस्त्रक्रियेवर त्या डॉक्टरांचा हात बसलेला आहे का, हे महत्त्वाचे आहे. यासाठी एमबीबीएस आणि त्यावर रीतसर प्रशिक्षण पुरेसे असते. अडचण अशी की आपल्या देशात पुरुष नसबंदी फार कमी होते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्त्री नसबंदीचे प्रमाण ३७.९ टक्के आणि पुरुष नसबंदीचे अवघे ०.३ टक्के आढळले. साहजिकच अनेक चांगले सर्जन असे आहेत की ज्यांनी हर्निया आणि अपेंडिक्सची शेकडो ऑपरेशने केली आहेत, पण नसबंदी वर्षातून एखादीच. म्हणून पहिला प्रश्न सरळ विचारावा: “डॉक्टरसाहेब, गेल्या वर्षभरात आपण अशा किती केल्या?” चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही.

दुसरा प्रश्न पद्धतीचा. जुन्या पद्धतीत सुरीने एक किंवा दोन छेद घेऊन टाके घालत. बिनटाक्याची पद्धत चीनमधील डॉ. ली शुनचियांग यांनी १९७४ मध्ये विकसित केली. तिच्यात मुख्यतः दोन खास चिमटे लागतात. गोल तोंडाचा चिमटा कातडीवरूनच शुक्रनलिका (अंडातून शुक्रजंतू पुढे नेणारी नळी) धरतो आणि टोकदार चिमटा कातडीला बारीक छिद्र पाडून ते रुंद करतो. त्याच छिद्रातून एकामागून एक दोन्ही बाजूंच्या नलिका बाहेर घेऊन बांधल्या आणि कापल्या जातात. फक्त तेवढ्या जागेपुरती भूल दिली जाते, टाका लागत नाही, आणि रक्तस्राव व जंतुसंसर्ग जुन्या पद्धतीपेक्षा कमी होतात. आपले सर्जन कोणत्या पद्धतीने करतात ते विचारावे.

तिसरा प्रश्न फारसे कोणी विचारत नाही, पण मी आग्रहाने सांगेन. नळी कापून बांधल्यावर तिचे एक टोक भोवतालच्या पातळ आवरणाच्या आड ठेवून ते आवरण मध्ये बांधून घ्यायचे असते, म्हणजे दोन टोके पुन्हा समोरासमोर येत नाहीत. त्यासाठी थोडा वेळ जास्त लागतो, परंतु शस्त्रक्रिया निष्फळ ठरण्याचे प्रमाण त्याने कमी होते. “आपण मध्ये आवरण घालता का?” एवढे विचारले तरी समोरच्याला कळते की माणूस माहिती घेऊन आला आहे.

आणि ज्या डॉक्टरांनी आधी झोपवून, दोन्ही बाजू हाताने चाचपून तपासले नाही, त्यांच्याकडून शस्त्रक्रिया करून घेऊ नये. आपल्या पूर्व विदर्भात हत्तीरोगाचा प्रादुर्भाव आहे आणि त्यामुळे अंडवृद्धी झालेले पुरुष पुष्कळ. कातडी जाड झालेली असेल, अंडकोषात पाणी असेल, हर्निया असेल, शिरा फुगलेल्या असतील किंवा एक अंड खाली उतरलेलेच नसेल, तर नळी सहज हाती लागत नाही आणि छोटेसे काम मोठे होऊन बसते. अशा वेळी मी स्वतः रुग्णाला वरच्या रुग्णालयात पाठवतो. मधुमेह, सिकलसेल, रक्त न थांबण्याचा त्रास, हृदयासाठी चालू असलेली रक्त पातळ करणारी गोळी, भुलेच्या इंजेक्शनची ॲलर्जी, हे सर्व डॉक्टरांनी विचारले पाहिजे. न विचारल्यास आपण सांगावे. गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नये.

---

मेळघाटपायथा (परतवाडा, जि. अमरावती) · ३० ऑक्टोबर

डॉक्टरसाहेबांचे म्हणणे पटते, तरी मी नागपूरच्या तज्ज्ञांकडे गेलो आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही, हे नोंदवावेसे वाटते. माझ्या डाव्या बाजूच्या अंडवृद्धीचे ऑपरेशन आठ वर्षांपूर्वी झालेले होते. तालुक्याच्या डॉक्टरांनी तपासून स्वतःच सांगितले की आतले मांस चिकटलेले आहे आणि त्यांना ती बाजू नीट सापडत नाही. त्यांनी तसे सांगितले याबद्दल मी त्यांचा आजन्म ऋणी राहीन, कारण दुसऱ्या एखाद्याने मला टेबलावर घेऊन शोधाशोध केली असती. मुद्दा एवढाच की आपली तब्येत साधी असेल तर जवळचे बरे आणि पूर्वी त्या भागात काही झालेले असेल तर लांब जाण्याचा त्रास सोसावा.

---

आशा कार्यकर्ती (घाटंजी, जि. यवतमाळ) · ३१ ऑक्टोबर

दादा, मी आधी हे सांगते की पुरुषाला शस्त्रक्रियेसाठी घेऊन गेल्यास आम्हाला प्रेरक म्हणून पैसे मिळतात. ते माहीत असूनही माझे ऐकावे असे वाटले तर ऐकावे.

शासनाच्या नियमाप्रमाणे पुरुषाचे वय साठच्या आत असावे, लग्न झालेले असावे आणि किमान एक मूल एक वर्षापेक्षा मोठे असावे. पत्नीची सही कायद्याने लागत नाही. तरीसुद्धा मी प्रत्येक घरी सांगते की डॉक्टरांना भेटायला दोघांनी जावे. जो डॉक्टर बाईच्या प्रश्नाला उत्तर देतो, तो पुढे फोनही उचलतो, असा माझा अनुभव आहे. माझ्या गावातल्या एका वहिनींनी डॉक्टरांना विचारले होते की यांची ताकद कमी होणार का आणि हे मला सोडून देतील का. डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढून घेतली आणि कागदावर चित्र काढून दाखवले की अंड जागेवरच राहते, त्यातून रक्तात जाणारे पुरुषी संप्रेरक तसेच तयार होत राहते, आणि वीर्याचा अगदी थोडा भागच शुक्रजंतूंचा असल्यामुळे वीर्यही पूर्वीसारखेच येते. तो कागद वहिनींनी घडी करून पदराला बांधून नेला आणि रात्री सासूबाईंना दाखवला. त्या घरात पुन्हा कोणी काही बोलले नाही.

संमतीचा कागद सही करण्याआधी मराठीतून वाचून घ्यावा. ही पद्धत कायमची समजावी, पुन्हा जोडण्याचे ऑपरेशन असते पण त्याने मूल होईलच याची खात्री नसते, आणि हजारात एखाद-दुसऱ्या वेळी नसबंदी निष्फळ ठरू शकते, हे त्यात समजावलेले असते. पाळी चुकली तर दोन आठवड्यांच्या आत कळवावे, हेही त्यात असते. ही ओळ पत्नीला माहीत असलीच पाहिजे, कारण पुढे नुकसानभरपाईचा प्रश्न आला तर तिला महत्त्व येते.

---

धानोऱ्याकडचा (जि. गडचिरोली) · ३१ ऑक्टोबर

आमच्याकडच्या काही गावांत पुरुषानेच ऑपरेशन करून घेणे नवलाचे राहिलेले नाही. माझे आणि माझ्या दोन्ही भावांचे झालेले आहे. आम्ही डॉक्टर निवडला तो आधीच्या माणसांना विचारून: कोणाला सूज आली, आली तेव्हा डॉक्टरांनी पाहिले का, तपासणीला परत बोलावले का. आपल्या गावात विचारायला माणूस नसेल तर शेजारच्या गावात शोधावा.

---

ओलिताचे वावर · २४ नोव्हेंबर

सर्वांचे आभार. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण पहिल्या वेचणीचा कापूस घरात आला होता आणि मजूर मिळत नव्हते. मधल्या काळात आम्ही दोघे दोन ठिकाणी जाऊन आलो.

आमच्या ओळखीच्या सर्जनांना मी किती केल्या ते विचारले. त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले की गेल्या दोन वर्षांत एकही नाही आणि ते जुन्या पद्धतीने, टाके घालून करतात. त्यांच्याविषयीचा आदर कमी झाला नाही, उलट वाढला. निवड मात्र त्यामुळे सोपी झाली.

उपजिल्हा रुग्णालयात सध्या २१ नोव्हेंबर ते ४ डिसेंबरचा पुरुष नसबंदी पंधरवडा सुरू आहे, म्हणून गर्दी असेल अशी धास्ती होती; प्रत्यक्षात आम्ही धरून तिघे जण होतो. डॉक्टरांनी मला आत झोपवले, हात गरम पाण्याने धुऊन घेतले (थंड हाताने ती कातडी आक्रसते आणि नळी वर सरकते, असे त्यांनी समजावले) आणि अंगठा व बोटांच्या मध्ये काहीतरी धरून मला म्हणाले, “तुम्हीच पाहा, ही शुक्रनलिका.” मी बोट लावले. पिळदार सुतळी ओली केल्यावर जशी कडक लागते, तशी ती लागली. एवढी वर्षे शरीरात असलेली वस्तू मी पहिल्यांदा हाताने ओळखली आणि माझी अर्धी भीती तिथेच गेली. दुसरी बाजूही त्यांनी तशीच दाखवली.

मध्ये आवरण घालण्याविषयी विचारले तेव्हा ते म्हणाले की होय, प्रत्येक वेळी. पत्नीने विचारले की रात्री सूज आली तर काय करायचे. त्यांनी केसपेपरच्या मागे स्वतःचा आणि प्रभारी सिस्टरांचा क्रमांक लिहून दिला आणि कोणत्या खुणा दिसल्यास तात्काळ निघायचे ते तिलाच परत म्हणून दाखवायला सांगितले: वाढत जाणारी सूज, ताप, न थांबणारे रक्त किंवा पू. मावसभावाच्या त्या कागदाची मला फार आठवण झाली. ३ डिसेंबरची तारीख घेतली आहे.

एक शंका उरली आहे. गहू-हरभऱ्याला रात्री वीज येते आणि मोटार सुरू करायला, दांड फोडायला मलाच जावे लागते. किती दिवस सुटी धरावी?

---

ग्रामीण वैद्यकीय अधिकारी · २४ नोव्हेंबर

पहिले दोन दिवस पूर्ण विश्रांती, घट्ट लंगोट किंवा आधाराची चड्डी दिवसरात्र, आणि जखम कोरडी. ४८ तासांनंतर हलकी कामे चालतात. सायकल, बंडी हाकणे, फवारणीचा पंप पाठीवर घेणे, कापसाचा बोजा उचलणे, हे सर्व सात दिवसांनंतर. ओलिताचे काम चिखलपाण्यातले असते आणि अंधारात पाय घसरतो, तेव्हा तो आठवडा सालदाराला किंवा भावाला सांगावे. अनेकांना दुसऱ्या दिवशी काहीच दुखत नाही आणि तेव्हाच ते घाई करतात. रक्त साकळण्याचे जे प्रसंग मी पाहिले, त्यांतले बरेचसे या घाईचे होते.

आणि शस्त्रक्रियेच्या दिवसापासून लगेच निश्चिंत होऊ नये. कापलेल्या जागेच्या पुढे नलिकेत शुक्रजंतू शिल्लक असतात. तीन महिने निरोध वापरावा आणि त्यानंतर वीर्यतपासणी करावी. तपासणीत एकही शुक्रजंतू नाही असे दिसल्यावरच नसबंदीचे प्रमाणपत्र मिळते. जो डॉक्टर या तपासणीची तारीख पहिल्याच दिवशी लिहून देतो, त्याच्याकडे निर्धास्तपणे जावे.

---

निवृत्त आरोग्यसेवक · २५ नोव्हेंबर

या तपासणीसाठी परत न येणारे पुरुष मी आयुष्यभर शोधत फिरलो आहे. मोबदला बँकेत जमा झाला, दुखणे थांबले, की माणूस विसरतो. मग चार-पाच महिन्यांनी पत्नीला दिवस गेले की तिच्यावर संशय घेतला जातो. असे एक घर मोडलेले मी डोळ्यांनी पाहिले आहे. चूक त्या बाईची मुळीच नव्हती, तीन महिने थांबायचे असते हे तिच्या नवऱ्याला कोणी धड सांगितलेच नव्हते. भाऊ, तारीख घरातल्या कॅलेंडरवर आजच लिहून ठेवा.

---

ओलिताचे वावर · १० मार्च

३ डिसेंबरला शस्त्रक्रिया झाली. भुलेची सुई टोचताना आणि नळी ओढली जाताना ओटीपोटात कळ आली, बाकी काही कळले नाही. वीस मिनिटांत बाहेर आलो, तास-दीड तास तिथेच बसवून ठेवले आणि मग सोडले. चौथ्या दिवसापर्यंत थोडे ठणकत होते. पाचव्या दिवशी डाव्या बाजूला सुपारीएवढी गाठ लागली, तेव्हा पत्नीने केसपेपरमागच्या क्रमांकावर फोन केला. डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी बोलावून पाहिले, काळजीचे नाही असे सांगितले, आणि ती दोन आठवड्यांत विरली. भावाने आठ रात्री माझ्या वाटचे ओलित केले.

काल नव्वद दिवस उलटून गेल्यावर तपासणीसाठी गेलो. नमुन्याची बाटली शर्टाच्या आत, अंगालगत धरून तासाच्या आत प्रयोगशाळेत द्यायची होती. आज अहवाल मिळाला: शुक्रजंतू आढळले नाहीत. प्रमाणपत्र पुढच्या आठवड्यात मिळेल.

काल मावसभावालाही सोबत नेले होते. अशी तपासणी करायची असते, हे त्याला सहा वर्षांत कोणी सांगितलेले नव्हते. त्याने नमुना दिला आहे आणि डॉक्टरांनी त्याची जुनी गाठही तपासली. त्याचा अहवाल उद्या घ्यायला जायचे आहे.